कोनाड्याभोवतीची फट

नाशिकहून निघताना मी एक भाषण पाठ करून ठेवलं होतं. ते तस्नीमला ऐकवायचं होतं. "बाई, आठ वर्षं झाली, आता हा काचेचा नाद पुरे कर. माझ्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल तुझ्यासाठी रिकामं ठेवलंय. ये परत." सिन्नर येईपर्यंत मी ते तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा मला माझाच आवाज आवडला.

तस्नीम आणि मी पुण्यात पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलो, एकाच खोलीत राहून. वर्गात तिची रेघ सगळ्यांत स्वच्छ. मी तिच्या शीटवरून ढापून पास झाले, हे आता सांगायला हरकत नाही. पुढे मी नाशिकला फ्लॅटच्या इमारती काढत बसले आणि ती नगरला आपल्या घरी परतली. दहा-बारा वर्षं तिनेही बंगले, शाळा, दवाखाने केले. मग एक दिवस तिचा फोन आला, "वैशे, ऑफिस बंद केलं. भट्टी घेतली." मला वाटलं, बेकरी काढली. तर म्हणे काच वितळवायची भट्टी, त्यात काचेची शिल्पं करणार. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, बया वाया गेली.

एसटीची खिडकी अर्ध्यात अडकलेली, ती ना उघडे ना मिटे. मार्चचं ऊन थेट मांडीवर. राहुरीच्या पुढे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर शेवग्याच्या शेंगांची पेंडी.

"नगरला कुनाकडं?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीकडं. काचेच्या वस्तू बनवते ती."

"बांगड्या व्हय?"

"नाही हो. शिल्पं. नुसती बघायची."

बाईंनी थोडा विचार केला. "मंग बांगड्याच का न्हाई करत? कुनी घालील तरी."

माझं पाठ केलेलं भाषण बाईंनी एका वाक्यात उरकलं होतं. मला त्या फार आवडल्या.

स्टँडवरच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर मात्र 'नगर, नगर' असंच ओरडत होता. तस्नीम स्कूटर घेऊन उभी होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. कॉलेजातही तशीच असायची. परीक्षेला पेन्सिल सापडत नाही म्हणून आख्खी खोली पालथी घालायची आणि ती डोक्यातच निघायची. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. मी ते पाहिले, तिने मला ते पाहताना पाहिलं, आणि आम्ही दोघी उन्हाबद्दल बोलू लागलो.

आधी तिच्या अब्बांच्या दुकानात गेलो. कापडबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं फोटोफ्रेम आणि खिडक्यांच्या काचांचं दुकान आहे. अब्बा आता थकलेत, पण हिरकणी (काच कापायचं हिऱ्याच्या टोकाचं हत्यार) अजून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. आम्ही आत शिरलो तेव्हा ते एका देव्हाऱ्याच्या दाराची काच कापत होते. कर्र असा एक आवाज, मग दोन बोटांनी हलकी टिचकी, आणि काच रेघेवर सुटली.

"या बेटी, बसा. नाशिकचं ऊन इकडं कशाला आणलं?" म्हणाले आणि चहा सांगितला.

मी पाहत होते. त्यांनी चौकट मापली आणि काच जरा लहान कापली. मी म्हटलं, "अब्बा, कमी पडेल की."

"दोन सूत कमीच कापायची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बरोबर मापाची कापली तर मरते. पावसात लाकूड फुगतं, उन्हात काच पसरते, दोघं भांडतात. भांडणात हरते कोण? काच."

मग त्यांनी कपाटातून बोटभर रुंदीच्या काचेच्या पातळ पट्ट्यांचा एक जुडगा काढला. हे म्हणे तस्नीमच्या वेडाचं मूळ. पूर्वी इंजिनीअर लोक येऊन अशा पट्ट्या कापून न्यायचे. जुन्या भिंतीला तडा गेला, की तो वाढतोय की थांबलाय हे कळायला तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवायची. भिंत केसभर जरी हलली तरी पट्टी मोडते. "मी विचारायचो, कशाला नेता? ते म्हणायचे, भिंतीला ताप आलाय, थर्मामीटर लावायचाय," अब्बा हसत म्हणाले.

हे मलाही माहीत होतं, परीक्षेपुरतं. तस्नीमने मात्र नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या शाळेवर अशा नऊ पट्ट्या लावल्या होत्या आणि रोज जाऊन बघायची. "एवढी मोठी दगडी भिंत काही बोलत नव्हती गं," ती म्हणाली. "बोलायची ती एवढीशी काच." चहा गार होईपर्यंत ती त्या शाळेबद्दलच सांगत राहिली.

दुपारी घरी दालचा (डाळ आणि दुधी घालून केलेलं मटण) आणि भात. मी दोनदा वाढून घेतला. तिच्या अम्मींनी तिसऱ्यांदा वाढला तेव्हा नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. भाषण त्या भाताखाली गेलं ते गेलंच.

ऊन उतरल्यावर औद्योगिक वसाहतीतली तिची शेड पाहायला गेलो. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला लोखंडी पेटीसारखी विजेची भट्टी, दुसऱ्या बाजूला अब्बांच्या दुकानातल्या फुटक्या काचांची पोती. भिंतीवर तिची रेखाटनं लावलेली. ती बघून मला हसू फुटलं. शिल्पाची चित्रं म्हणावीत तर प्रत्येकावर माप घातलेलं, प्रत्येकाचा छेद काढलेला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा.

"शिल्पाला उत्तर दिशा कशाला गं?"

"ऊन कुठून येणार ते नको कळायला? नुसत्या काचेला काय रंग आहे? तिचा रंग म्हणजे ऊन."

फळीवर एक तिरपी, दातेरी वस्तू होती. हिरवट, गुडघ्याएवढी. मला दोन मिनिटं काही उमगेना. मग एकदम कळलं. ती जिन्याखालची जागा होती. जिना नव्हे, जिन्याखाली जी अडगळीची पोकळी असते ती, काचेत ओतलेली. शेजारी एक उंच चपटा तुकडा होता, ती दोन घरांमधली बोळ. हे सगळं आपण कागदावर पांढरं सोडतो.

"म्हणजे तू रिकाम्या जागा भरतेस," मी टोमणा मारला.

"भिंती आपण बांधतो, पण माणूस भिंतीत राहतो का? तो मधल्या पोकळीत राहतो. पाच वर्षं मास्तर लोक ओरडून हेच सांगत होते. मला ती पोकळी एकदा हातात धरून बघायची होती."

मी फ्लॅट काढते. पोकळी मी चौरस फुटांत मोजते, हातात धरावी असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि शेडमध्ये उभं राहून त्याचं थोडं वाईटही वाटलं.

मग तिने कोनाड्याची गोष्ट सांगितली. उद्या तोच पाहायला जायचं होतं.

काष्टीच्या पलीकडे एक छोटी वस्ती आहे, बौद्ध कुटुंबांची. तिथे विहाराशेजारी एक जुनी मातीच्या भिंतींची खोली होती. वस्तीतली दोन पिढ्यांची माणसं संध्याकाळी त्या खोलीत बसून लिहा-वाचायला शिकली. खोलीत एकच कोनाडा, त्यात रॉकेलची चिमणी ठेवायची आणि चार पुस्तकं. खोली मोडकळीला आली, लोकांनी तिथेच विटांची नवी अभ्यासिका बांधायची ठरवलं. बांधणारे गवंडी अशोकमामा वस्तीतलेच. तस्नीमच्या पहिल्या साइटपासून ते तिच्याबरोबर होते. खोली पाडायच्या आधी त्यांनी तिला फोन केला, "ताई, पाडायच्या आदी येकदा मापं घ्या. कागदावर तरी ऱ्हाईल."

ती गेली. मापं घेता घेता कोनाड्यात हात घातला आणि थांबली. आतल्या मातीच्या लिंपणावर माणसाची बोटं ओढल्याच्या रेषा होत्या. खोली अशोकमामांच्या वडिलांनी बांधली होती, बोटं त्यांची. तस्नीमने कोनाडा प्लास्टरने गच्च भरला, वाळल्यावर ते प्लास्टर अख्खं बाहेर काढलं. म्हणजे कोनाड्यातल्या पोकळीचा एक ठोकळा हाती आला, बोटांच्या रेषांसकट. त्याभोवती साचा करायचा, साच्यात काच वितळवायची.

"सोपं वाटतं," मी म्हटलं.

"पहिला फुटला. माझी चूक. जाड काच बाहेरून लवकर निवते, आतून सावकाश. तेवीस दिवस भट्टी बंद ठेवायची असते. मी सोळाव्या दिवशी उघडली. दुसरा का फुटला ते अजून कळलं नाही. तिसऱ्या साच्याच्या वेळी प्लास्टरच्या ठोकळ्याचे तुकडे झाले. आणि मूळ खोली तर आता नाही." ती भट्टीवर हात ठेवून बोलत होती. "त्यामुळे जो झालाय तो शेवटचा. परवा नेऊन बसवून आलेय, नुसता रबराच्या दोन तुकड्यांवर टेकवलाय. भोवती बोटभर फट सोडलीय. उद्या त्यात मऊ सिलिकॉन भरलं की झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जुन्या व्हॅनने निघालो. वेळेत पोचायचं म्हणून साडेपाचला उठलो, आणि काष्टीत नेमका बाजाराचा दिवस. बैलांचे टेम्पो, शेळ्यांचे टेम्पो, मध्येच दोर तोडून उभा राहिलेला एक खिलार खोंड आणि त्याच्या मालकाला सल्ले देणारी चाळीस माणसं. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "अहो, जरा बाजूला घ्या की त्याला!"

"तुमीच घ्या, म्याडम," मालक शांतपणे म्हणाला. "मी सकाळधरनं तेच सांगतोय त्याला."

पाऊण तास तिथेच गेला. मी चरफडत होते, तस्नीम हसत होती. तिचं ते शेवटचं हसणं, पुढचे दोन तास.

वस्तीवर पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. विहारावर पंचरंगी झेंडा, अंगण झाडून सडा टाकलेला. अशोकमामा धुतलेला सदरा घालून वाट बघत होते. वय पासष्टच्या पुढे, हात मात्र अजून फळीसारखे रुंद.

"जय भीम, ताई. या. तुमीच का त्या नाशिकच्या?" माझ्याकडे बघून म्हणाले. "लई मोठ्या आर्किटेक हायत म्हनं."

मी लाजल्याचं नाटक केलं. आत गेलो. नव्या भिंतीच्या छातीएवढ्या उंचीवर तो कोनाडा होता. दीड वीत उंच, वर कमान, अर्धी वीत जाड अशी हिरवी काच, विटांच्या भिंतीत आरपार बसवलेली. आणि तिच्या भोवती, चारी बाजूंनी, स्वच्छ, ओलसर, करडी, थापीने घोटलेली चौकट.

तस्नीमने बोटाने चौकट दाबली. मग म्हणाली, "मामा, हे कधी भरलं?"

"आत्ता, सा-साडेसाला." मामा खूश होते. "तुमी म्हनला व्हता, काचेला हात लावायचा न्हाई. काचेला न्हाई लावला. म्हटलं, दरजा (सांधे) तेवढ्या भरून घेऊ. नाशिकच्या पाव्हण्या यायच्या, त्यांच्या म्होरं भिंतीत फट दिसली तर काय म्हनत्याल? म्हनत्याल, गवंडी कच्चा हाय."

म्हणजे ते माझ्यासाठी होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चाळीस वर्षं या माणसाने एकच धर्म पाळला होता, की फट सोडायची नाही. फटीतून विंचू येतो, फटीतून पाणी येतं, फटीतून इज्जत जाते. त्याच्यावर कोण कसं ओरडणार? मी ओरडलेही असते, माझा स्वभावच तसा आहे. तस्नीम ओरडली नाही. तिने विचारलं, "मामा, बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टा) कशी चढवायचे?"

"तापवून. लालबुंद करायची. मंग पसरती, चाकावर बसती. गार झाली का आवळती."

"काचपण तापली की पसरते. तुम्ही भोवती सिमेंट आवळून बसवलंय. पसरायला जागा कुठंय?"

मामा काचेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तो मला बघवेना. "म्हंजी... फुटंल?"

"ऊन कधी येतं इथं?"

"टाकीच्या मागनं वर आलं का. नऊ वाजता." बाहेर पूर्वेला पाण्याची उंच टाकी होती, तेवढीच काय ती आमच्या बाजूने.

नशीब असं, की मामा जुन्या वळणाचे. त्यांनी सिमेंटमध्ये सढळ हाताने चुना मिसळला होता, त्यामुळे माल अजून पुरता धरला नव्हता. पण लोखंडाचं हत्यार चालणार नव्हतं, काचेला ओरखडा गेला तरी संपलं. मामांनी कुंपणाचा बांबू ओढून काढला आणि पटाशीने त्याच्या कामट्या तासल्या. तस्नीम आतून, मामा बाहेरून, मी खालच्या अंगाला. मामांच्या बायको, पारूमामी, माल पडेल तसा सुपात झेलत होत्या. माझ्या दोन नखांचा तिथेच निकाल लागला.

नऊला दहा कमी असताना मला अक्कल सुचली. मामींची गोधडी बाहेरून काचेवर टांगली तर ऊन अडेल! आणि थंडावा राहावा म्हणून मी ती हौदात बुचकळून काढली. तस्नीमने बघितलं मात्र, अशी किंचाळली, "वैशे! आता तापणाऱ्या काचेला ओलं लावतेस? मूर्ख आहेस का? कोरडी आण!" पाच वर्षं एका खोलीत राहून ती माझ्यावर कधी अशी ओरडली नव्हती. मी मुकाट्याने दुसरी गोधडी आणली.

तीन बाजू मोकळ्या झाल्या. चौथीही झाली, फक्त खाली उजव्या कोपऱ्यात एक गोळा घट्ट बसला होता. तोवर ऊन टाकीवरून उतरलं. गोधडीची बाजू वाऱ्याने सरकली आणि उन्हाची एक पट्टी काचेच्या कमानीवर पडली. मामा दात आवळून गोळा कोरत होते. तो सुटला, त्यांच्या तळहातावर पडला, आणि त्याच क्षणी आवाज आला.

टिच्.

एवढाच. बांगडी दारावर आपटावी तेवढा. खालच्या कोपऱ्यातून एक तडा वर गेला होता, अंगठ्याएवढा, आणि थांबला होता.

तस्नीम जमिनीवर बसली. मामा हातातला गोळा बघत उभेच. "माज्या बापाची बोटं व्हती ती," ते म्हणाले. "बापानं उमटवली आन मी फोडली." पासष्टीचा माणूस, सगळ्यांच्या देखत रडायला लागला. पारूमामींनी तोंडाला पदर लावला. मला काय करावं कळेना, म्हणून मी सूप उचलून उगाच बाहेर नेऊन ठेवलं.

परत आले तेव्हा तस्नीम उठली होती. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढून मामांच्या हातात दिली. "तडा जिथं संपतो, तिथं आडवी रेघ मारा. बारीक."

मामांनी डोळे पुसले. "भिंतीवर पट्टी लावायचो तशी?"

"हो. तेव्हा भिंतीवर काच नजर ठेवायची. आता काचेवर तुम्ही ठेवा. रोज बघायचं. तडा रेघेच्या पुढं गेला तर मला सांगायचं."

मामांनी श्वास रोखून त्या खरखरीत काचेवर रेघ मारली. इतकी सरळ रेघ मला आजवर जमलेली नाही. मग गोधडी काढली आणि ऊन आत आलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हिरवट कमान पडली, आणि तिच्यात बोटांच्या चार रेषा, वरून खाली ओढलेल्या, शेवटी थोड्या उजवीकडे वळलेल्या. मातीतल्या त्या रेषा काचेच्या अंगावर उंचवटे होऊन उठल्या होत्या. मामांनी आपली चार बोटं त्या उंचवट्यांवर ठेवली. ती बरोबर बसली.

"बाप पुन्याला साइटीवर असायचा," ते सांगू लागले. "कुनाकडनं तरी पत्र लिहून घ्यायचा. ते वाचून दावायला आमी लोकांच्या हातापाया पडायचो. मंग म्या हितं बसून शिकलो. चिमनी हितं, ह्या कोनाड्यात. पैलं पत्र म्या सोता वाचलं, तवा नववं वरीस व्हतं. दर पत्राच्या शेवटाला एकच असायचं. काळजी नसावी. त्येवढं तर म्या न बघता वाचायचो."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली) आणि भाकरी. मामी आग्रह करत होत्या, मामा मान खाली घालून जेवत होते. दुपारी तस्नीमने फटीत सिलिकॉन भरलं. मामांनी तिच्या हातातून ते घेतलं नाही, पण जवळ बसून बघत राहिले. एकदा म्हणाले, "म्हंजी फट सोडायची, पर उघडी न्हाई. मऊ भरायची." आणि नंतर स्वतःशीच दोनदा मान हलवली.

परतीच्या वाटेवर बाजार उठला होता, रस्ता मोकळा होता. मी विचारलं, "वाढेल का गं तडा?"

"हा उन्हाळा काढला तर टिकला म्हणायचं. नाही तर मधून दुभंगेल."

"आणि दुभंगला तर?"

"तर भट्टी विकते. तुझं ते खिडकीजवळचं टेबल रिकामं आहेच ना?" मी दचकले. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "दर फोनवर त्या टेबलाचा विषय काढतेस, आणि काल दुपारपासून तर ते भाषण तोंडात धरून फिरतीयस. अम्मी पण म्हणाली, ही काहीतरी सांगायला आलीय."

मला शरम वाटली. मी खोटं का बोलू? याच उत्तरासाठी तर मी नाशिकहून आले होते, आणि आता ते मला नको होतं. तो कोनाडा टिकावा, माझं टेबल रिकामंच राहावं, एवढंच मी त्या व्हॅनमध्ये मागत होते. कोणाकडे मागत होते ते माहीत नाही, मी देवाधर्मातली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग, काय म्हणाली?" मी म्हटलं, "मी विचारलंच नाही." इतकी वर्षं मला वाटत होतं, तस्नीमने आर्किटेक्चर सोडलं. खरं म्हणजे तिने काहीच सोडलेलं नाही. ती अजून मापं घेते, उत्तर दिशा बघते, वजन कशावर टेकलंय ते बघते, आणि कुठे जागा सोडायची ते तिला कळतं. सोडलं असेल तर मीच कधीतरी.

वस्तीवरून निघताना मामांनी माझाही नंबर घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेनऊला आम्हा दोघींच्या मोबाईलवर फोटो येऊ लागला. काचेचा कोपरा, पेन्सिलीची रेघ, आणि खाली दोन शब्द. 'हलला न्हाई.' एप्रिल गेला. मी साइटवर असले तरी साडेनऊला फोन बघायची. सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, शेअर बाजार बघता का?"

मे महिन्यात एक दिवस असा आला, की नाशिकलाच डांबर पाघळत होतं, नगरकडची तर बातच नको. त्या दिवशी साडेनऊला फोटो आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मामांचा फोन लागेना. मी तस्नीमला लावला. ती म्हणाली, "मलाही नाही आला," आणि पुढे आम्ही दोघी नुसत्या फोन कानाला लावून बसलो. मी माझ्या ऑफिसातल्या त्या रिकाम्या टेबलाकडे बघत होते आणि मला ते टेबल उचलून खिडकीबाहेर फेकावंसं वाटत होतं.

चार वाजता फोन वाजला. फोटो. तोच कोपरा. तीच रेघ. तडा रेघेशी येऊन थांबलेला, जिथे होता तिथेच. या वेळी खाली दोन शब्द नव्हते, लांब मजकूर होता.

'लाईट न्हवती. मोबाईल बंद पडला. आत्ता चारज केला. सकाळपासून तिन येळा बगितला. तडा हाय तितच हाय. काळजी नसावी.'